गरीची काठी आणि रीळ : योग्य जोडी कशी जुळवावी?

गोव्याच्या ग्रामजीवनात शेती आणि मासळी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. डिचोली तालुक्यातील मुळगाव हे याचे चांगले उदाहरण होय. अस्नोडा आणि डिचोली यांच्या दरम्यान वसलेल्या या गावाच्या एका अंगाला लोहखनिजाच्या खाणी आहेत, तर सखल भागात खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवावयाचे, मानशीच्या दारांनी त्याची ये-जा ताब्यात ठेवावयाची आणि पावसाच्या गोड्या पाण्यावर भात पिकवावयाचे, अशी ही खाजनाची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. गोव्याच्या खाजनांतील चरांत आणि त्यांना लागून असलेल्या खाडीत सुंगटे, काळुंदर, शेवटे आणि चोणक वाढतात. त्यामुळे पागाइतकीच गरीही या मुलखातील घराघरांत परिचयाची आहे. चिवारीची एक सरळ काठी, तिच्या टोकाला तंगूस, तंगुसाला गळ आणि गळाला सुंगट, एवढ्या साहित्यावर गरवायला जाण्याची चाल येथे जुनी आहे.

अलीकडच्या काळात या साध्या साहित्यात बदल झाला आहे. काचतंतूच्या आणि कार्बनतंतूच्या काठ्या, निरनिराळ्या आकारांची रिळे आणि रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे बाजारात मिळू लागली आहेत. खेड्यातील तरुणही ती हौसेने विकत घेतात. तथापि काठी एका ठिकाणी आवडली म्हणून, रीळ दुसऱ्या ठिकाणी स्वस्त मिळाले म्हणून आणि दोरा तिसऱ्याने सुचविला म्हणून घेतला, असे पुष्कळदा घडते. मग आमिष दहा पावलांपलीकडे जात नाही, दोऱ्याचा गुंता होतो, मासा लागताच दोरा तुटतो, किंवा काठीच मोडते. दोष नशिबाला किंवा पाण्याला दिला जातो. वास्तविक दोष जोडीचा असतो. काठी, रीळ, दोरा आणि आमिष या चार वेगळ्या वस्तू नसून एकाच अवजाराचे चार भाग आहेत. नांगराला जसा जू आणि बैलांचा मेळ लागतो, तसाच मेळ येथेही लागतो. तो कसा जुळवावा, याची माहिती येथे दिली आहे.

चिवारीपासून कार्बनतंतूपर्यंत

गळाने मासे धरण्याची विद्या आपल्या देशात फार प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे आमिष आणि त्यांना गळाने धरण्याची रीत यांचे वर्णन त्यात येते. त्या काळी गोव्यावर राज्य करणारे कदंब राजे याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे गरीचा हा खेळ या भूमीला परका नाही. नवे आहे ते फक्त रीळ.

दोरा गुंडाळण्याचे चाक काठीला बसविण्याची कल्पना मात्र चीनमध्ये जुनी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला चिनी चित्रकार मा युआन याच्या एका चित्रात होडीत बसलेल्या कोळ्याच्या काठीला असे चाक दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील केंटकी प्रांतात दंतचक्रे बसविलेली रिळे तयार होऊ लागली. त्यांत मूठ एकदा फिरविली की दोऱ्याचे चाक अनेक वेळा फिरे. आजच्या बहुगुणी रिळाचे, म्हणजे मल्टिप्लायरचे, मूळ तेथे आहे.

दुसरा मोठा टप्पा इंग्लंडमध्ये आला. ब्रॅडफर्ड येथील लोकरीच्या गिरणीचे मालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली एका नव्या रिळाचे एकस्व घेतले. सूतगिरणीतील कांडी जागच्या जागी स्थिर असते आणि धागा तिच्या टोकावरून सुटत जातो, हे तत्त्व त्यांनी रिळाला लावले. आपल्याकडील कोष्ट्याच्या धोट्यातही नेमके हेच घडते. त्यातील कांडी फिरत नाही, धागा तेवढा ओघळत राहतो. या रिळामुळे हलके आमिषही दूर फेकणे सोपे झाले. नायलॉनचा शोध १९३८ साली जाहीर झाला आणि त्यातून पुढे तंगूस आले. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या, आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतूच्या हलक्या काठ्या प्रचारात आल्या.

रिळाचे दोन मुख्य प्रकार

बाजारात रिळांची नावे अनेक असली, तरी आपल्या खाड्यांवर आणि किनाऱ्यांवर मुख्यतः दोनच प्रकार वापरात येतात.

पहिला प्रकार स्थिर चाकाच्या रिळाचा. दुकानदार त्याला स्पिनिंग रीळ म्हणतात. हे रीळ काठीच्या खालच्या बाजूस लोंबते. फेकताना दोऱ्याचे चाक फिरत नाही, त्याच्या ओठावरून दोऱ्याची वेटोळी एकामागून एक सुटत जातात. परत ओढताना तारेची एक कमान चाकाभोवती फिरून दोरा गुंडाळते. हे रीळ शिकावयास सोपे, हलक्या आमिषाला योग्य आणि दोऱ्याचा गुंता कमी करणारे आहे. नवशिक्याने यापासूनच आरंभ करावा.

दुसरा प्रकार फिरत्या चाकाच्या रिळाचा. यालाच मल्टिप्लायर किंवा बेटकास्टिंग रीळ असे म्हणतात. हे काठीच्या वरच्या बाजूस बसते. पतंगाच्या फिरकीप्रमाणे यातील चाक दोऱ्याबरोबर स्वतःही फिरते. आमिष हवेत असता त्याचा वेग मंदावला आणि चाक मात्र त्याच वेगाने फिरत राहिले, तर सुटलेल्या दोऱ्याचा मोठा गुंता होतो. तो टाळण्यासाठी अंगठ्याने चाकावर हलका दाब ठेवावा लागतो. या रिळांत त्यासाठी लोहचुंबकाची किंवा केंद्रोत्सारी पद्धतीची रोधयंत्रणाही असते. जड आमिष, जाड दोरा आणि मोठा मासा यांसाठी हे रीळ उत्तम. परंतु सरावाशिवाय ते हाती घेणे म्हणजे दिवस गुंता सोडविण्यात घालविणे होय.

याखेरीज झाकणबंद चाकाचे लहान रीळ आणि पाखराच्या पिसांची कृत्रिम माशी टाकण्यासाठीचे फ्लाय रीळ असेही प्रकार आहेत. त्यांच्या काठ्याही वेगळ्या असतात. आपल्याकडे त्यांचा वापर क्वचित असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही.

काठी कशी ओळखावी?

काठी ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तिच्यावरील कड्या. स्थिर चाकाच्या रिळासाठी केलेल्या काठीची रिळाजवळची पहिली कडी मोठी असते. सात फुटी काठीवर तिचा व्यास साधारणतः २५ ते ३० मिलिमीटर असतो, आणि पुढील कड्या टोकाकडे लहान होत जातात. याचे कारण उघड आहे. चाकावरून सुटणारा दोरा सरळ न येता वेटोळ्यांच्या रूपाने येतो. ही वेटोळी क्रमाने आवळत न्यावयाची तर नरसाळ्यासारखी रचना हवी. पहिली कडीच लहान असेल, तर वेटोळी तिच्यावर आपटतात, घर्षण वाढते आणि आमिष जवळच पडते.

फिरत्या चाकाच्या रिळातून दोरा सरळ रेषेत येतो. म्हणून त्याच्या काठीवरील कड्या लहान असतात, पण संख्येने अधिक असतात. कड्या वरच्या बाजूस असल्यामुळे काठी वाकली की दोरा दोन कड्यांमधील भागात काठीच्या अंगाला घासण्याचा संभव असतो. कड्या जवळजवळ बसविल्या की ही अडचण दूर होते. शिवाय या काठीच्या मुठीखाली बोट अडकविण्यासाठी एक आकडा असतो. रीळ वर बसल्याने हाताच्या पकडीत काठी उलटू पाहते, तिला हा आकडा धरून ठेवतो.

यावरून पहिला नियम स्पष्ट होतो. मोठी पहिली कडी असलेल्या काठीला स्थिर चाकाचे रीळ खालून लावावे, आणि लहान कड्यांच्या, आकड्याच्या काठीला फिरत्या चाकाचे रीळ वरून लावावे. यांची अदलाबदल केल्यास रीळ काठीला बसेल खरे, पण काम करणार नाही.

काठीची दुसरी ओळख तिच्या ताकदीवरून आणि तिसरी तिच्या वाकण्यावरून होते. या दोन गोष्टींची बरेचदा गल्लत होते. काठी वाकविण्यास किती जोर लागतो, ही तिची ताकद. ती कोठून वाकते, ही तिची चाल. केवळ टोकाकडचा भाग वाकतो ती जलद चालीची, मध्यापर्यंत वाकते ती मध्यम आणि बुंध्यापर्यंत कमानीसारखी वाकते ती संथ चालीची काठी होय. जलद चालीच्या काठीने गळ लवकर रुततो आणि कृत्रिम आमिष हुकमी खेळविता येते. संथ चालीची काठी माशाचे झटके सोसते आणि माशाच्या तोंडातील मऊ आमिष किंवा बारीक गळ निसटू देत नाही.

चौथी ओळख काठीवर छापलेल्या अक्षरांची. मुठीच्या वर काठीची लांबी, दोऱ्याची ताकद आणि आमिषाचे वजन दिलेले असते. दोऱ्याची ताकद बहुधा पौंडांत आणि आमिषाचे वजन ग्रॅममध्ये किंवा औंसांत असते. १० पौंड म्हणजे सुमारे ४.५ किलो आणि १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. ७ ते २१ ग्रॅम असे लिहिलेल्या काठीने ६० ग्रॅमचे शिसे जोराने फेकणे म्हणजे काठी मोडण्याला आमंत्रण देणे होय.

दोरा, ब्रेक आणि काठीची तरफ

रिळावर १०००, २५००, ४००० असे आकडे असतात. ते रिळाचा आकार दर्शवितात. तथापि हे आकडे सर्व कंपन्यांचे एकसारखे नसतात. म्हणून आकड्याबरोबरच चाकाच्या कडेवर छापलेली दोऱ्याची मावणूकही पाहावी. अमुक जाडीचा दोरा अमुक मीटर मावतो, असे तेथे लिहिलेले असते. दोरा चाकाच्या ओठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतका भरावा. कमी भरल्यास तो ओठावर घासून आमिष जवळ पडते. जास्त भरल्यास त्याची वेटोळी आपोआप सुटून गुंता होतो.

रिळातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ब्रेक. त्याला ड्रॅग असे म्हणतात. मासा ठराविक जोरापेक्षा अधिक ओढू लागला की हा ब्रेक घसरतो आणि दोरा आपोआप सुटतो, त्यामुळे तो तुटत नाही. दोरा ज्या वजनाला तुटतो, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढ्या ताणाला ब्रेक सुटावा, असा सर्वसाधारण नियम आहे. दोरा ८ किलोचा असल्यास ब्रेक २ ते २.५ किलोला लावावा. उरलेली ताकद गाठीसाठी, खडकावर घासण्यासाठी आणि माशाच्या अचानक झटक्यासाठी राखीव असते. शाळेच्या प्रयोगशाळेतील ताणकाट्याने ही तपासणी सहज करता येते. दोरा सर्व कड्यांमधून ओवून त्याचे टोक ताणकाट्याला बांधावे, काठी वाकवून ओढावे आणि दोरा सुटू लागेल त्या क्षणी काट्यावरील आकडा वाचावा.

विज्ञानाच्या शिक्षकांना यात आणखी एक उपयुक्त उदाहरण सापडेल. मासा दूर पळाला आणि चाकावरचा दोरा कमी झाला, की उरलेल्या दोऱ्याच्या वेटोळ्याची त्रिज्या लहान होते. ब्रेकचे परिबल मात्र तेवढेच राहते. परिणामी तोच ब्रेक सोडविण्यास अधिक ओढ लागते. त्रिज्या निम्मी झाली तर ताण दुप्पट होतो. म्हणून पुष्कळ दोरा बाहेर गेल्यावर अनुभवी माणूस ब्रेक आवळण्याऐवजी किंचित सैल करतो. नवशिक्या घाबरून आवळतो आणि मासा गमावतो.

काठी ही एक तरफ आहे, हेही ध्यानात घ्यावे. ही तरफ माणसाच्या नव्हे, माशाच्या बाजूने काम करते. काठीचा बुंधा कमरेला टेकला आहे, पुढचा हात बुंध्यापासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि वाकलेल्या काठीचे टोक आडव्या अंतराने १५० सेंटिमीटरवर आहे, असे समजू. मासा टोकाशी २ किलोची ओढ देत असेल, तर पुढच्या हाताला त्याच्या तिप्पट, म्हणजे ६ किलोचा भार पेलावा लागतो. टोक ३०० सेंटिमीटरवर असेल, तर तोच भार १२ किलो होतो. तेव्हा लांब काठी म्हणजे बळकट काठी, हा समज चुकीचा आहे. लांबी आमिष दूर फेकण्यासाठी असते. मासा ओढून आणण्यासाठी आखूड काठी अधिक सोयीची. काठी जसजशी वाकते तसतसे तिचे टोक माणसाच्या जवळ येते आणि हातावरचा भार कमी होतो. ताठ काठीला मोठे रीळ लावून ब्रेक गच्च आवळला, तर तो सारा भार मनगटावर, काठीवर आणि शेवटी दोऱ्यावर येतो. चारांपैकी जे दुर्बळ असेल ते तुटते.

समतोल

काठीला रीळ लावून, त्यात दोरा भरून, रिळाच्या किंचित पुढे काठीखाली एक बोट धरावे. काठी आडवी स्थिर राहिली तर जोडी समतोल आहे असे समजावे. टोक खाली गेले तर रीळ हलके आहे, मूठ खाली गेली तर रीळ जड आहे. कृत्रिम आमिष दिवसात शेकडो वेळा फेकावे लागते. टोकाकडे झुकणारी काठी तासाभरात मनगट दुखविते. समुद्रकिनारी शिसे टाकून काठी वाळूत रोवून ठेवावयाची असेल, तर समतोलाचे महत्त्व कमी आणि दोऱ्याच्या मावणुकीचे अधिक. म्हणजे समतोल हासुद्धा कामावरून ठरतो.

पाणी पाहून जोडी

प्रथम पाणी आणि मासा ठरवावा, मग आमिष, त्यावरून दोरा, दोऱ्यावरून काठी आणि शेवटी काठीवरून रीळ, असा निवडीचा क्रम ठेवावा. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात. या मुलखातील पाण्याचे प्रकार लक्षात घेता पुढीलप्रमाणे निवड करता येईल.

खाजनातील चर आणि लहान ओहळ : येथे काळुंदर आणि लहान मासे मिळतात. काळुंदरीचे तोंड लहान असते. तिला बारीक गळ, पातळ तंगूस आणि लहान आमिष लागते. यासाठी चिवारीची काठी आजही पूर्णपणे समर्थ आहे. रिळावर पैसा खर्च करण्याची येथे गरज नाही. हौसच असेल तर सहा फुटी हलकी काठी आणि १००० ते २००० आकाराचे स्थिर चाकाचे रीळ पुरे. शेवटा हा गोव्याचा राज्यमत्स्य चिखलावरील शेवाळ आणि सूक्ष्म अन्न खाऊन जगतो. तो धातूच्या चकाकणाऱ्या आमिषाकडे सहसा फिरकत नाही. त्याच्यासाठी मळलेल्या पिठाची लहान गोळी आणि हलकी काठी हवी.

मानशीचा परिसर आणि खाडीतील कांदळवनाचा काठ : येथे चोणक आणि तांबोशी असतात. उत्तर कोकणात ज्याला जिताडा म्हणतात तोच आपला चोणक. हे दोन्ही मासे आडोशाला दबा धरून बसतात आणि आमिष पकडताच मुळांत किंवा दगडांत शिरतात. पहिल्या दोन-तीन क्षणांत त्यांना रोखता आले नाही, तर दोरा घासून तुटतो. म्हणून सहा ते सात फुटी, मध्यमाहून अधिक ताकदीची, जलद चालीची काठी घ्यावी. तिला ३००० ते ४००० आकाराचे स्थिर चाकाचे रीळ, किंवा सराव असल्यास फिरत्या चाकाचे रीळ लावावे. दोरा २० ते ३० पौंडांचा विणलेला असावा. चोणकाच्या कल्ल्यावरील झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. त्यामुळे गळाच्या आधी दोन-तीन फूट जाड तंगूस जोडणे अवश्य आहे. पावसाळ्यात खाणपट्ट्यातील लाल मातीने पाणी गढूळ झाले, तर कृत्रिम आमिष माशाला नीट दिसत नाही. अशा वेळी जिवंत किंवा ताजे सुंगट अधिक उपयोगी पडते.

मांडवी, शापोरा आणि तेरेखोल या नद्यांचे रुंद पात्र : येथे आमिष दूर टाकावे लागते आणि प्रवाहही जोराचा असतो. सात ते आठ फुटी काठी, ४००० ते ५००० आकाराचे रीळ आणि किमान दीडशे-दोनशे मीटर दोरा असावा.

पेडण्याचा समुद्रकिनारा : केरी, हरमल, मोरजी येथे लाटांपलीकडे शिसे फेकण्यासाठी दहा ते बारा फुटी काठी आणि ६००० ते ८००० आकाराचे रीळ लागते. तीच काठी मुळगावच्या ओहळावर नेल्यास झाडांच्या फांद्यांत अडकण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाही. मोरजी आणि मांद्रे येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. त्या काळात राखून ठेवलेल्या भागापासून दूर राहावे.

ज्याला एकच जोडी परवडते, त्याने सात फुटी मध्यम ताकदीची काठी, ३००० आकाराचे स्थिर चाकाचे रीळ आणि १५ पौंडांच्या आसपासचा दोरा घ्यावा. ही जोडी सर्व पाण्यांना सर्वोत्तम ठरणार नाही, पण खाडीच्या बहुतेक कामांना पुरेल.

खरेदी करताना आणि घेतल्यानंतर

काठी आणि रीळ शक्यतो एकाच वेळी, एकमेकांना लावून पाहून घ्यावे. रिळाचा पाय काठीच्या बैठकीत घट्ट बसतो की डुलतो, हे प्रथम पाहावे. दोरा कड्यांतून ओवून काठी हलकेच वाकवावी आणि दोरा काठीच्या अंगाला कोठे घासतो का, ते तपासावे. प्रत्येक कडीतून थोडा कापूस फिरवावा. त्याचे तंतू अडकले तर कडीला तडा आहे असे समजावे. असा तडा सुरीप्रमाणे दोरा कापतो. ब्रेक सैल करून दोरा हाताने ओढून पाहावा. तो झटके न देता एकसारखा सुटला पाहिजे.

खारे पाणी हा रिळाचा मोठा शत्रू आहे. घरी आल्यावर ब्रेक घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. ते बादलीत बुडवू नये, कारण त्यामुळे मीठ आत शिरते. पुसून सावलीत वाळवावे, मुठीच्या आणि कमानीच्या सांध्यांत तेलाचा एखादा थेंब सोडावा आणि ठेवताना ब्रेक सैल करावा. आवळून ठेवल्यास त्याच्या चकत्या दबून निकामी होतात. काठीच्या कड्याही ओल्या फडक्याने पुसाव्यात.

सुरक्षितता आणि मर्यादा

कार्बनतंतूतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली अशी काठी उभी धरणे किंवा मागे झटकून फेकणे प्राणघातक ठरू शकते. शेतातून जाणाऱ्या तारा बहुधा बांधावरूनच जातात, हे विसरू नये. गडगडाट सुरू होताच काठी खाली ठेवून निवाऱ्याला जावे. कुंभारजुवे कालव्यात मगरींची वस्ती प्रसिद्ध आहे. मांडवीशी जोडलेल्या इतर पाण्यांतही त्या दिसतात. म्हणून संधिप्रकाशात पाण्याच्या अगदी कडेला बसू नये आणि अडकलेला गळ सोडविण्यासाठी पाण्यात उतरू नये.

मानशीवरील मासेमारीचा हक्क सामान्यतः लिलावाने दिला जातो आणि त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होते. तेव्हा मानशीच्या दाराशी गरी टाकण्यापूर्वी संबंधितांची अनुमती घ्यावी. दारांच्या फळ्यांवर उभे राहू नये आणि बांधाची माती उकरू नये. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि एका माणसाच्या हौसेची किंमत साऱ्या वाड्याला मोजावी लागते.

जोडी योग्य असण्याचा संबंध माशाच्या भवितव्याशीही आहे. चोणक जन्मतः बहुधा नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे खाडीतील थोर आकाराचे चोणक बहुतांशी माद्या असतात आणि पुढच्या वर्षीची वीण त्यांच्यावर अवलंबून असते. असा मासा सोडून द्यावयाचा तर तो लवकर काठाशी आला पाहिजे. दुबळ्या काठीवर आणि पातळ दोऱ्यावर तासभर थकविलेला मासा सोडूनही जगत नाही. तुटलेल्या दोऱ्यासह निसटलेला मासा गळ घेऊन फिरतो, आणि पाण्यात राहिलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळे, खंड्या आणि पाणमांजरे त्यात अडकतात. यास्तव तुटका दोरा गोळा करून घरी आणणे हा प्रत्येक गरीवाल्याचा नियम असावा. पावसाच्या आरंभी चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांवर जी मासेमारी बंदी असते, तिच्यामागील हेतू विणीच्या माशांना अवसर देणे हाच आहे. काठावरच्या माणसानेही तो हेतू ध्यानी धरावा आणि चढणीच्या माशांना वाट द्यावी.

ग्रामीण भागातील शिक्षकांनी शाळेतील तरफ, घर्षण आणि परिबल यांचे पाठ गरीच्या काठीवरून शिकविल्यास मुलांना ते आपलेसे वाटतील. पंचायतींनी मानशींजवळ तुटका तंगूस टाकण्यासाठी एखादा डबा ठेवला, तर अल्प खर्चात मोठे काम होईल. आणि नवी काठी घेऊ इच्छिणाऱ्या तरुणाने दुकानात शिरण्यापूर्वी आपल्या गावचे पाणी कोणते, त्यात मासा कोणता आणि तो धरावयाचा की सोडावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी ठरवावीत. मग त्याला साजेशी काठी आणि काठीला साजेसे रीळ निवडणे मुळीच कठीण नाही.